सतरंजीएवढी जागा

हिल्का एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवायची.
तिचा आवाज मैदान ओलांडून
पलीकडच्या बर्च झाडांना लागून परत यायचा.
शिट्टी अजून आहे, टेबलाच्या खणात.

कुत्रा रोमानियाहून आला,
दोन दिवस मालगाडीत, कानाला भोक, गळ्यात नंबर.
कुओपिओच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
फ्रिजच्या मागे जो घुसला
तो तीन रात्री तिथेच.
चौथ्या दिवशी ती केरसुणी उचलायला वाकली
आणि त्याने उभ्या जागी मुतलं.
केरसुणी बाल्कनीत गेली, बर्फात.
थंडीभर घर ओल्या फडक्याने पुसलं तिने,
गुडघे दुखत असताना.

नाव ठेवलं मुरू.
तिच्या भाषेत मुरू म्हणजे पाव कापल्यावर
फळीवर उरतो तो चुरा.

विल्या आली शिकवायला.
बूट दारात काढले, कुत्र्याकडे पाहिलंच नाही.
कॉफी पिता पिता म्हणाली,
शब्द एकदाच.
मग गप्प बसायचं.
तो करील, नाही करील.
तू मात्र दुसऱ्यांदा बोलायचं नाहीस.

हिल्काला हे फार जड गेलं.
तिने जन्मभर प्रत्येक गोष्ट तीनदा सांगितली होती.

इस्तु, म्हणजे बस.
आमच्या खेड्यात विस्तवाला इस्तू म्हणतात;
चूल विझली की शेजारून
खापरीत मागून आणायचा,
वारा लागू न देता.
हिल्काला हे कुठून माहीत असणार.
पण तिने तो शब्द तसाच आणला रोज,
ओंजळीच्या आडोशाने,
फुंकर न घालता.

सकाळी तीन मिनिटं. जेवणानंतर तीन मिनिटं.
ओव्हनचं घड्याळ लावून.
उकडलेल्या काळजाचे तुकडे, हरभऱ्याच्या डाळीएवढे.
खिडकीखाली चिंध्यांची जुनी सतरंजी,
निळे पट्टे, एक लाल, तिच्या नवऱ्याच्या शर्टाचा.
पाइक्का, म्हणजे जागा. तुझी.
तिथे कुणी हात लावणार नाही,
कुणी वाकणार नाही,
तिथे असताना तुला काही करावं लागणार नाही,
आणि मग वापा. सुटलास. जा.

स्वयंपाकघरात जमलं.
जिन्यात जमेना.
लिफ्टचं दार उघडलं की सगळं शिकलेलं
पाण्यात मीठ.
पुन्हा पहिल्यापासून, विल्या म्हणायची,
जणू पहिल्यापासून म्हणजे जवळच कुठेतरी.

फेब्रुवारीत एका पहाटे
बर्फ लोटणारी गाडी खालून गेली,
छतावर नारिंगी दिवे फिरले,
तो टेबलावर उडाला, कप फुटला,
आणि हिल्का ओरडली.
तोच आवाज. मैदानावरचा.
मुरू फ्रिजच्या मागे.

ती फरशीवर बसली, फ्रिजला पाठ टेकून.
माफी मागायला तिला असा शब्द सापडेना
जो एकदाच म्हणून भागेल.
म्हणून काहीच म्हणाली नाही.
उजाडेपर्यंत दोघांची पाठ
त्याच यंत्राच्या घरघरीला लागून.
दोन आठवडे वाया गेले. विल्याने वहीत तसं लिहिलंही.

आज जून आहे.
सरोवराच्या काठी लाकडी धक्क्यावर
बायका सतरंज्या धुताहेत, डांबराच्या साबणाने,
पोरं पायांनी फेस उडवताहेत.
हिल्काने निळीही नेली, घासली, कठड्यावर टाकली.
केरसुणीची भीती आहेच. लिफ्टही अधूनमधून.
माणूस खोकला की अजून पोटाशी शेपूट.

ती ओल्या हातांनी घरी आली.
खिडकीखाली फरशीवर
फिकट चौकोन उरला होता,
ऊन न लागलेल्या लाकडाचा.
त्याच्या नेमका आत, कडेबाहेर एक नख नाही,
मुरू बसला होता.

कुणी काही म्हटलं नव्हतं.
आणि कधीपासून बसला असेल
याचा तिला अंदाज लागेना.

वापा, ती म्हणाली. हळू. एकदाच.

त्याने कान फिरवला,
चौकोन हुंगला,
आणि थोडा वेळ घेतला.